पंप शिकले तो हिवाळा

कार्तिक लागला की आमच्या श्रीवर्धनात अंगणं केशरी होतात. पोफळीवरून उतरवलेली पिकली सुपारी वाडीवाडीच्या दारात पसरलेली असते. सकाळचं ऊन तिच्यावर चढलं की तिचा किंचित आंबूस, किंचित गोडसर वास गल्लीभर भरून राहतो. बाहेरगावची माणसं त्या अंगणांचे फोटो काढतात. रोह्याकडून लग्न होऊन मी इथे आले ती अशाच दिवसांत, आणि नव्या घराची माझी पहिली आठवण हीच आहे: उंबऱ्यापासून फाटकापर्यंत पसरलेला तो रंग आणि त्यातून पाय ठेवण्यापुरती सोडलेली एक पाऊलवाट.

तेव्हा तो वास मला आवडायचा. आता तीन वर्षं झाली, तो नाकात गेला की मी आधी मान वळवून बघते, हे कुठे आहेत.

यंदाही बघितलं. हे अंगणाच्या कडेला उकिडवे बसून सुपारी परतत होते. तळहात सपाट धरून, खालची वर करत. मी पुन्हा भाजी निवडायला लागले. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं. हे कुणाला सांगून कळायचं नाही. शेजारणीला वाटतं, निवृत्त झाल्यावर बाईंचं नवऱ्याकडे भारीच लक्ष आहे. मीही हसून तसंच वाटू देते.

हे म्हणजे सदाशिव, माझे यजमान. गावाचे सदूभाऊ. वाडी हेच त्यांचं काम आणि माणसं हसवणं हा त्यांचा हातखंडा. गणपतीत आरतीला यांच्याशिवाय रंग चढत नाही. लग्नघरी आचारी रुसला तर यांना बोलावणं येतं. एवढंच काय, कुणाच्या घरी माणूस गेलं तर दहाव्या-बाराव्या दिवशी, सगळे मान खाली घालून बसलेले असताना, गेलेल्या माणसाचीच एखादी गंमत सांगून घरच्यांच्या चेहऱ्यावर हसू आणायचं ते यांनीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. शाळेतून दमून घरी आले की ओटीवर दोन-तीन माणसं बसलेली आणि मधे हे, असंच चित्र असायचं. वर्षानुवर्षं.

मग ते वादळ आलं. एका दुपारीत आमची निम्मी वाडी आडवी झाली. पोफळी काडीसारख्या मोडल्या. सासऱ्यांनी लावलेले माड एकमेकांवर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पडझडीकडे बघत ओटीवर रडत बसले होते, आणि हे शेजाऱ्यांच्या छपरावर चढून पत्रे ठोकत होते. वरून ओरडून मला म्हणाले, बरं झालं, आता स्वयंपाकघरातनं समुद्र दिसेल. शेजारी हसले, मीही रडता रडता हसले. पुढची दोन वर्षं ते वाक्य हे येईल त्याला ऐकवत होते. त्याच शब्दांत, तोच हात करून. तेच तेच वाक्य माणूस इतक्या वेळा का म्हणतो, हा विचार माझ्या मनात आला नाही. नवी रोपं लावली, आळी केली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर आपण राहू की नाही, असं एकदा म्हणाले. तेही हसूनच.

त्या दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी आता एकेक करून वर येतात. भाजीत मीठ राहिलं तरी हे काही म्हणायचे नाहीत. या माणसाने आयुष्यभर आमटीतल्या आमसुलावरून वाद घातला होता. मला वाटलं, वय झालं, शांत झाले. पहाटे चारला उठून वाडीत फिरायला लागले. मी म्हटलं, म्हातारपणी झोप कमी होतेच. आंघोळीला दुपार व्हायला लागली. रेडिओ बंद पडला तो दुरुस्तीला नेला नाही. एकदा ओट्यावर एका पायात चप्पल घालून बसलेले दिसले. दुसरी चप्पल समोरच होती. तासाभराने मी धुणी वाळत घालून आले तेव्हाही तसेच. काय झालं विचारलं तर म्हणाले, कुठली घालायची होती ते विसरलो. मी हसले. ते हसले नाहीत, हे मला आता आठवतं.

आणखी एक दुपार आहे. ती मी कितीदा मनातल्या मनात परत जगले असेन. माझ्या शाळेतले सहकारी जेवायला आले होते. यांनी त्यांना असं हसवलं की एकीला ठसका लागला. सगळे निघाले, मीही त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत लक्षात आलं की एकीचा डबा घरीच राहिलाय, म्हणून मी एकटी परत फिरले. फाटक उघडंच होतं. हे झोपाळ्यावर बसले होते, भिंतीकडे तोंड करून नाही, माझ्याकडेच तोंड करून, पण मी त्यांना दिसत नव्हते. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. घरातलं सामान हलवल्यावर खोली दिसते तसा तो चेहरा होता. मी उंबऱ्यातच थबकले. मग त्यांना चाहूल लागली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो चेहरा पुन्हा सदूभाऊंचा झाला. ‘डबा ना? मी म्हटलंच, परत येणार.’

मी डबा उचलून निघून गेले. वाटेत दोनदा मागे वळून बघितलं. पण नाक्यावर माणसं वाट बघत होती, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेचे पेपर होते. असं बघितलेलं आपण किती सहज बाजूला ठेवतो. मी ठेवलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मी निवृत्त झाले. पावसाळा गेला. दिवाळी झाली, मुलगी मीनल पनवेलहून चार दिवस येऊन गेली. आणि दिवाळीनंतर हे एकदम मोकळे झाले.

दुसरा शब्दच नाही मला. अंगावरचं ओझं कुणी काढून घ्यावं तसे हलके झाले. वेळेवर आंघोळ, वेळेवर जेवण. एक दिवस मला म्हणाले, चल, तुला पंप शिकवतो. पस्तीस वर्षांत मी विहिरीवरच्या पंपाला हात लावला नव्हता. यांनी मला नीट शिकवलं, मी मुलांना शिकवायची तसं. आधी पंपात पाणी भरायचं, हवा निघेपर्यंत थांबायचं, मग हिरवं बटण. पाणी नाही चढलं तर घाबरायचं नाही, बंद करून पुन्हा भरायचं. कुठला कॉक कुठल्या आळ्यांना पाणी देतो ते तीनदा म्हणून घेतलं. मी चुकले की चिडले नाहीत. मला वाटलं, हा माणूस आता माझ्यासोबत वेळ घालवू बघतोय, माझ्या निवृत्तीची वाट बघत होता. खरं सांगते, या वयात मला लाजल्यासारखं झालं.

मग वाडीतली झुकलेली झाडं दाखवली, पुढच्या पावसाआधी कुठली तोडून घ्यायची ती. कौलं कुठे सरकतात ते दाखवलं. सुपारी उतरवायला कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, तेही समजावलं. माळा साफ केला. स्वतःचा आवडता कोयता शेजाऱ्यांना देऊन टाकला, म्हणाले, आता माझ्याने कुठे होतंय. मुरुडला यांची धाकटी बहीण असते. वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. एक दिवस सकाळची एसटी पकडून तिच्याकडे गेले, जेवले, संध्याकाळी परत आले. नणंदेचा मला फोन आला तेव्हा ती रडत होती. म्हणाली, दादा किती गोड बोलला गं वहिनी.

मी मीनलला फोनवर सांगितलं की बाबा आता छान आहेत. तीही म्हणाली, मलाही फोनवर तसंच वाटलं. आम्ही दोघी किती खूश होतो. त्या पंधरा-वीस दिवसांतलं ते सुख आठवलं की आज मला हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. माझा नवरा माझ्यासोबतचं घर मांडत नव्हता, त्याच्याशिवायचं माझं घर मांडत होता. आणि मी शेजारी उभी राहून ते मन लावून शिकत होते.

आमच्याकडे सुपारी सोलायला शेवंती यायची. डोंगराकडच्या गावातली कुणब्याची बाई, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान. फार बोलायची नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी आधी सुकलेल्या सुपारीचा ढीग मधे घेऊन बसलो होतो. हे आले, शेवंतीला म्हणाले, तुझ्या हातची सफाई कुणाला नाही, बाईंना कधी सोडून जाऊ नको हो. आणि वाडीत गेले.

शेवंतीचा हात थांबला. खाली बघतच ती म्हणाली, ‘बाई, एक बोलू? रागवू नका. भाऊ हल्ली लई चांगलं वागतात. मला भ्या वाटतं.’

मी विचारलं, चांगलं वागण्याचं कसलं भय. तेव्हा तिने सांगितलं. तिचा थोरला भाऊ, रघू, असाच होता. दोन वर्षं मुका मुका, आणि मग एकाएकी मोकळा झाला. घरोघर जाऊन आला. बायकोला बैलांचं सगळं समजावलं, शेवंतीला नवी साडी घेऊन आला. घरचे म्हणाले, देव पावला. आठव्या दिवशी तो गेला. कसा गेला हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मला तिचा संताप आला. भरल्या घरात दुपारच्या वेळी हे काय बोलायचं. मी तिला तोडून टाकलं, काम कर म्हटलं. ती पुन्हा सोलू लागली. मी उठले आणि वाडीत गेले. हे विहिरीपाशी पंपावरचं झाकण पुसत होते. मला बघून म्हणाले, ये, आज तू लाव, मी नुसता बघतो. मी पाणी भरलं, थांबले, हिरवं बटण दाबलं. पाणी चढलं. यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. म्हणाले, ‘झालं. आता तुझं कुठे अडायचं नाही.’

तेव्हा मला कळलं. अक्षरं ओळखीची असतात आणि एका क्षणी त्यांचा शब्द होतो, पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांत मी तो क्षण किती वेळा बघितला असेल. तसं झालं. कोयता, मुरुड, माळा, कॉक, सगळं एका ओळीत वाचता आलं.

पण विचारलं नाही. पुढचे दोन दिवस मी विचारू शकले नाही, आणि आता कुणी मला विचारलं की त्या दिवसांत सगळ्यात भयंकर काय होतं, तर मी ते दोन दिवस म्हणेन. मला वाटत होतं, विचारलं तर मीच त्यांच्या डोक्यात घालेन. नसलंच तसं काही तर हा माणूस दुखावेल. म्हणून मी त्यांच्या मागे मागे फिरले. वाडीत गेले तर टोपली घेऊन मागे. आंघोळीला गेले तर मोरीच्या दाराबाहेर उगाच तांब्याभांड्यांचा आवाज करत. म्हटलं, मन रमवा. म्हटलं, आपल्याला काय कमी आहे, मुलगी चांगली आहे, पेन्शन आहे. हे माझ्या प्रत्येक बोलण्याला मान हलवत होते. मुलाची चूक असूनही त्याला शाबासकी द्यावी, तशी ती मान हलत होती.

तिसऱ्या दिवशी मळभ आलं. मार्गशीर्षात येतं कधी कधी, आणि आलं की अंगणात सुकत घातलेल्या सुपारीचं सगळं संपतं. ओली झाली की गर काळा पडतो. सकाळी दहालाच उजेड गेला. समुद्राकडून येणारा वारा थांबला आणि पोफळी अगदी निश्चल झाल्या. इतक्या उंच, इतक्या बारीक, तरी एकही हलेना. गल्लीत पळापळ सुरू झाली, घरोघर ताडपत्र्या ओढल्या जाऊ लागल्या. असल्या वेळी हे सगळ्यात पुढे असायचे, आधी दुसऱ्यांच्या दारात आणि शेवटी आपल्या. त्या दिवशी ते नव्हतेच. मी हाका मारल्या. शेवंती ताडपत्रीचं एक टोक धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि टोक सोडून दिलं. म्हणाली, सुपारी मरू दे, तुम्ही जा.

मी धावले. आळ्यांतून, पाटातून, पाय घसरत. हे विहिरीच्या काठावर बसले होते. सदरा घडी करून बाजूला ठेवलेला, त्यावर घड्याळ.

मी ओरडले नाही. का ते मला माहीत नाही. मी जाऊन शेजारी बसले आणि त्यांचा दंड धरला. घट्ट. माझ्या तोंडून शाळेत विचारते तसा सरळ प्रश्न बाहेर पडला.

‘तुम्ही मरायचं ठरवलंय का?’

पावसाचे पहिले थेंब पानांवर वाजायला लागले होते. वर अंगणात सुपारी उघडी होती, दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघंही उठलो नाही.

‘व्हय,’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘कुणी विचारील असं वाटलं नव्हतं.’

मग ते बोलले. सलग नाही, मधे मधे थांबत. वादळाच्या आधीपासूनच होतं म्हणाले, वादळाने फक्त निमित्त दिलं. सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणीतरी ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटतं. दिवसभर ते पोतं घेऊन माणसांत वावरायचं. हसवणं जमतं, कारण ते हातांना पाठ आहे. पण एकेका हसण्याला इतके कष्ट पडतात की माणसं गेल्यावर चप्पल घालायचंही त्राण उरत नाही. ठरवल्यावर मात्र बरं वाटायला लागलं, म्हणाले. संपणार हे कळल्यावर सगळी माणसं पुन्हा आवडायला लागली. ‘तुला पंप जमला, आता काळजी नव्हती,’ असं म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं की ते मला किती क्रूर काहीतरी सांगतायत.

आम्ही भिजत बसलो. मी त्यांचा दंड सोडला नाही. हाताला मुंग्या आल्या तरी नाही.

त्यानंतरचं सगळं धावपळीचं आहे. मी फोन केल्यावर मीनल दुपारच्या गाडीने निघाली. ती येईपर्यंत शेवंती घरी गेली नाही. तिने यांना चहा करून दिला, समोर बसली, रघूबद्दल यांना सगळं सांगितलं. यांनी तिला बरंच काही विचारलं. घरातल्या ज्या ज्या गोष्टींची मला भीती वाटली त्या आम्ही दोघींनी उचलून शेजारी ठेवायला दिल्या. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून म्हटलं घर रंगवायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एसटीने अलिबागला गेलो. मनाच्या डॉक्टरीण बाई तिथे होत्या.

एसटीत यांनी कंडक्टरला हसवलं. मीनल माझ्याकडे आशेने बघत होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या हसण्याचा आवाज मला आता वेगळा ऐकू येत होता. डॉक्टरांसमोर बसल्यावरही यांनी सुरुवात केली, मला काय वेड लागलंय का बाई, ही उगाच घेऊन आली. मी बोलायला गेले तर डॉक्टरीण बाईंनी मला हाताने थांबवलं. यांचं सगळं ऐकून घेतलं, अगदी गंमतीसुद्धा. आणि मग अगदी हळू विचारलं, किती दिवसांत नीट झोप लागली नाही? हे बोटं मोजायला लागले आणि मोजता मोजता रडायला लागले. आमच्या लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

त्याला डिप्रेशन म्हणतात, हा आजार आहे, यावर औषध आहे, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. तोवर एकटं सोडायचं नाही, आणि विचारायला घाबरायचं नाही. विचारल्याने कुणाच्या डोक्यात काही जात नाही, उलट आत अडकलेल्याला वाट मिळते, हे त्या मला बघून म्हणाल्या. माझे ते दोन दिवस त्यांना दिसले असावेत.

सुपारी त्या वर्षी वाया गेली. अंगणात बुरशीचा करडा थर चढला. आम्ही ती खड्ड्यात ओतली.

बरं होणं मला वाटलं होतं तसं नव्हतं. पंधरा दिवसांत उजाडलं असं काही झालं नाही. पौषात ते नुसते झोपून असायचे, गोळ्यांनी जीभ कोरडी पडायची. माघात चिडायला लागले. आमटी खारट झाली म्हणून एकदा ताट सरकवलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले, आनंदाने. पण त्या आनंदाच्या मागोमाग रागही आला. त्याची मला लाज वाटायची. इतकी वर्षं एका छपराखाली राहून या माणसाने मला सोडून जायची तयारी माझ्याच हातून करून घेतली. प्रेमानेच केली, हेही कळत होतं. त्या प्रेमाचं काय करायचं ते मात्र कळत नव्हतं. एकदा मी हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तेव्हा मला वाटायचं, मी गेलो की तुझं ओझं कमी होईल. मी म्हटलं, हे तुम्ही मला विचारायला हवं होतं.

आता संध्याकाळी आम्ही किनाऱ्याने चालायला जातो, जाताना बोलतो किंवा बोलत नाही. गोळी रात्रीच्या जेवणानंतर, माझ्यासमोर. मधे एकदा, बरं वाटतंय म्हणून त्यांनी स्वतःच गोळ्या बंद केल्या होत्या आणि महिन्याभरात पुन्हा घसरले. तेव्हापासून पुन्हा तसं केलं नाही. मी रोज सकाळी विचारते, आज कसं आहे. कधी त्यांना त्याचा वैताग येतो. येऊ दे. गावातल्या कुणाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. मी पित्ताचा त्रास म्हणायची. हे आरतीला पुन्हा जातात, पण पहिल्यासारखे मधे उभे राहत नाहीत. लोकांना वाटतं, सदूभाऊ म्हातारे झाले.

भीती गेलेली नाही. ती घरातल्या एखाद्या माणसासारखी झाली आहे, तिचंही पान मांडावं लागतं. ते वाडीत जास्त वेळ रेंगाळले की माझ्या हातातला चमचा थांबतो. ते एखाद्या दिवशी फार प्रसन्न दिसले की मी त्या प्रसन्नतेकडे निरखून बघते, आणि त्यांना ते कळतं. बायकोने आपल्या आनंदावर संशय घ्यावा, याचं त्यांना किती वाईट वाटत असेल. पण दुसरा मार्ग मला अजून सापडला नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट. लख्ख ऊन होतं, अंगण सुपारीने भरलेलं. मी स्वयंपाकघरात होते, चूल अजून पेटवली नव्हती. हे ओटीवरून आत आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले.

‘ऐक,’ म्हणाले. ‘चार दिवस झाले, परत तसं वाटतंय. मला अलिबागला ने.’

मी काही विचारलं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून सांगितलं. मी हात धुतले, त्यांचा इस्त्रीचा सदरा काढला, शेवंतीला निरोप धाडला की अंगण तुझ्यावर. भीती वाटत होती, आणि तरी कुठेतरी जमीन पायाला लागल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

स्टँडवर गाडी लागायची होती. बाकावर बसलो तोच महादेव आला. हा नाक्यावर रिक्षा चालवतो, गावभर मोठ्याने गाणी लावून फिरतो. आमच्या यांच्या खालोखाल गावात कुणी हसवत असेल तर तो. लांबूनच ओरडला, काय सदूभाऊ, सकाळी सकाळी कुठे दौरा?

मी पित्ताचं सांगायला तोंड उघडलं. पण हे आधी बोलले, अगदी साध्या आवाजात. ‘अलिबागला, डॉक्टरकडे. मन बरं नाय माझं. तीन वर्षं गोळ्या चालू हायत.’

महादेव हसला. गंमत असणार असं समजून हसला, आणि मग यांचा चेहरा बघून थांबला. आता तो निघून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. खांद्यावरचा रुमाल काढून त्याने तोंड पुसलं, इकडे तिकडे बघितलं, आणि बाकाच्या कडेला, आमच्यापासून हातभर अंतरावर बसला. गाडी फलाटाला लागली, माणसं दाराशी झोंबायला लागली, आम्ही उठलो. तेव्हा त्याने यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

‘भाऊ, कुठल्या वारी बसतात त्या डॉक्टर?’